शेतकऱ्याचा असूड : पाणी, सत्ता आणि वाणी

कांहीं ग्रंथांचें दैव असें चमत्कारिक असतें, कीं त्यांची पूजा सुरू झाली म्हणजे त्यांचें वाचन थांबतें. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा अशा ग्रंथांपैकीं एक होय. सभेंत त्याचें नांव निघतें, कर्त्याच्या तसबिरीस हार पडतो, आणि वक्ता पुढच्या विषयाकडे वळतो. परंतु ह्याच ग्रंथांत बंधारे, तलाव, पाट आणि पाण्याची मोजदाद यांविषयीं जो मजकूर आहे, तो सभेंतील किती जणांनीं वाचला असेल याचा विचार करूं लागल्यास मन खिन्न होतें. ग्रंथाच्या सामाजिक बाजूवर आजवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. तें पुनः सांगण्याचा आमचा विचार नाहीं. यंत्रविद्या, राज्यकारभार आणि भाषणस्वातंत्र्य हे तीन प्रश्न जोतीरावांच्या दृष्टीनें एकाच प्रश्नाचीं तीन अंगें होतीं, असें आमचें मत आहे. आणि तें खरें कीं खोटें हें पाहावयाचें तर पुणें जिल्ह्यांतील बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांएवढी चांगली कसोटी दुसरी सांपडणें कठीण.

प्रथम ग्रंथाच्या छपाईची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तीच ह्या लेखाचें मर्म आहे. असूडाचीं पांच प्रकरणें 1883 सालीं लिहून झालीं. त्यांतील पहिलीं दोन नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु' पत्रांत प्रसिद्ध झालीं. पुढचीं प्रकरणें छापण्याचें मात्र संपादकांच्या मनास येईना. हें पत्र कांहीं परक्याचें नव्हतें. सत्यशोधक समाजाच्या चळवळींतूनच 1877 सालीं कृष्णराव भालेकर यांनीं तें काढलें होतें, आणि तें बंद पडल्यावर 1880 च्या सुमारास लोखंडे यांनीं मुंबईंत पुनः चालविलें. म्हणजे लेखकाच्या घरचेंच पत्र, घरचाच संपादक, आणि तरीही लेख अर्ध्यावर अडला! जोतीराव संतापले आणि आपला संताप त्यांनीं लिहूनही ठेविला. पुढें त्यांनीं एक प्रत बडोद्यास सयाजीराव महाराजांकडे पाठविली, आणि मजकूर ठिकठिकाणच्या लोकांस वाचून दाखविला. 1890 सालीं लेखक वारला, तोंपर्यंत ग्रंथ पुस्तकरूपानें बाहेर आला नव्हता. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनीं संपादिलेलें समग्र वाङ्मय 1969 सालीं निघालें, तेव्हां कोठें तो सामान्य वाचकाच्या हातीं सहज येऊं लागला. शेतकऱ्यासाठीं लिहिलेला ग्रंथ शेतकऱ्याच्या नातवापणतवांच्या काळापर्यंत बस्त्यांत पडून राहिला, हें मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतील एक लज्जास्पद पान होय.

आतां लोखंडे यांचाही पक्ष ऐकला पाहिजे. ते भित्रे होते असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण ज्या गृहस्थांनीं 1884 सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांस एकत्र केलें आणि 1890 सालीं त्यांस रविवारची सुटी मिळवून दिली, त्यांस नुसतें भित्रे म्हणणें अन्यायाचें होईल. देशी पत्रांची मुस्कटदाबी करणारा लॉर्ड लिटन यांचा 1878 चा कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत रद्द झालेला होता. असूड लिहिला गेला तेव्हां तो कायदा पुस्तकांत नव्हता. मात्र 1870 सालीं दंडविधानांत घातलेलें राजद्रोहाचें कलम तसेंच होतें, आणि लिटनशाहीची धास्ती संपादकांच्या मनांतून अद्याप गेली नव्हती. छापखाना लहान, वर्गणीदार थोडे, पाठीशीं कोणी सावकार नाहीं. अशा स्थितींत कलेक्टर, मामलेदार, इंजिनिअर आणि कोर्ट या सर्वांवर एकदम कोरडे ओढणारा मजकूर छापणें म्हणजे पत्राच्या जिवाशीं खेळ होता. लोखंडे यांनीं पत्र वांचविलें. जोतीरावांनीं सत्य वांचविलें. दोघांचेंही कांहीं गमावलें. पण ह्यांतून जो धडा निघतो, तो असा कीं, कायदा मरतो, पण त्यानें पेरलेलें भय मरत नाहीं.

हा धडा जुना झालेला नाहीं. माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यांतील 66 अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें 24 मार्च 2015 रोजीं घटनाबाह्य ठरविलें. त्यापूर्वीं, 2012 सालीं, पालघर येथें एका पुढाऱ्याच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकावर लिहिलेल्या चार ओळींवरून दोन तरुण मुलींना अटक झाली होती. कलम गेलें, परंतु पोलीस ठाण्यांत त्याखालीं गुन्हे नोंदविण्याचें काम पुढेंही चालूच राहिलें, आणि तें थांबवा असें त्याच न्यायालयास 2022 सालीं पुनः सांगावें लागलें. मेलेलें कलम सात वर्षें चालत होतें! लिटनचा कायदा उठल्यावरही 'दीनबंधु'चे खिळे कां जुळेनात, हें ज्यास समजत नसेल त्यानें ह्या गोष्टीचा विचार करावा.

आतां ग्रंथाकडे वळूं. जोतीराव यंत्रविद्येचे शत्रु होते असा एक समज आहे, आणि ते इंग्रजी सुधारणेचे आंधळे भक्त होते असा त्याच्या उलट दुसरा. दोन्ही समज ग्रंथ न वाचतां झालेले आहेत. जोतीराव हे कंत्राटाचा धंदा केलेले गृहस्थ होते. चुना, दगड, मजुरी आणि मोजमाप यांचा त्यांस प्रत्यक्ष अनुभव होता. म्हणून सरकारी बांधकामांतील पैसा कोठें मुरतो हें त्यांस जसें ठाऊक, तसेंच बांध कोठें घातला असतां माती धुपत नाहीं हेंही ठाऊक. पांचव्या प्रकरणांतील त्यांच्या सूचना पाहाव्या : रिकाम्या वेळीं लष्करांतील व पोलिसांतील शिपायांकडून डोंगरउतारावर ताली व बंधारे घालून घ्यावे, म्हणजे पावसाचें पाणी शेतांत जिरत जाऊन मगच ओढ्यास मिळेल, तलावांतील गाळ काढावा, जमिनींतील झरे हुडकणाऱ्या पाणाड्यांची मदत घेऊन गांवोगांवचे नकाशे करावे, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकीचीं प्रदर्शनें भरवून बक्षिसें द्यावीं. पुढें ज्यास पाणलोटविकास असें भारदस्त नांव मिळालें, त्याची ही आद्य मराठी मांडणी होय. विलायती यंत्रांच्या मालानें येथील कारागीर बुडाले याची त्यांस खंत आहे. पण त्यावर यंत्रें मोडा असा उपाय ते सांगत नाहींत. शेतकऱ्याच्या मुलांस तें ज्ञान द्या असें सांगतात. 1882 सालीं हंटर कमिशनापुढें प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यांनीं केली, तिचें इंगितही हेंच आहे.

परंतु ग्रंथाचा खरा पीळ पाण्याच्या मापांत आहे. इरिगेशन खातें शेतकऱ्याकडून पाणीपट्टी घेतें, पण वेळेवर व पुरेसें पाणी मिळेल याची हमी घेत नाहीं, ही जोतीरावांची तक्रार. त्यावरची त्यांची सूचना मोठी सूक्ष्म आहे : ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानानें पाण्याची तोटी बसवून द्यावी, म्हणजे कोणास कमी मिळणार नाहीं आणि कोणी जास्त घेणार नाहीं. वरवर पाहतां ही एक नळकाम करणाऱ्याची युक्ति वाटते. वस्तुतः तींत राज्यशास्त्राचा एक सिद्धांत आहे. पाणी हुकुमानें मिळालें तर शेतकरी अर्जदार होतो. मापानें मिळालें तर तो हक्कदार होतो. यंत्राचा उपयोग अधिकाऱ्याची मर्जी वाढविण्यासाठीं करावयाचा कीं कमी करण्यासाठीं, ह्या एका प्रश्नावर जोतीराव सर्व सुधारणेची परीक्षा करितात. आमच्या मतें असूडाचें सर्वांत मोठें महत्त्व ह्यांत आहे.

बारामती आणि इंदापूर यांचा इतिहास ह्या प्रश्नाचेंच एक विस्तृत उदाहरण आहे. पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल साहेबांनीं दख्खनच्या जमिनीची मोजणी करून सारा ठरविला. हिशेब मोठा शास्त्रीय होता, पण तो शेतकऱ्यास झेपेना. इंदापुरांतील शेतें ओस पडूं लागलीं. तेव्हां 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं त्याच इंदापूर तालुक्यांत नवी पैमाष सुरू केली, आणि पुढें मुंबई इलाख्यांतील रयतवारीस तीच नमुना झाली. तीस वर्षांची मुदत सरल्यावर 1867 सालीं फेरपाहणीचा आरंभही इंदापुरासच झाला, आणि आकार वाढला. फेरपाहणीवर असूडांत जो रोष आहे तो ह्याच अनुभवाचा. कलेक्टराच्या तंबूपुढून सारा कमी न होतां, अपमान गिळून, स्वतःशीं पुटपुटत घरीं परतणारा शेतकरी चवथ्या प्रकरणांत आहे. तो कोणत्याही तालुक्यांतला असूं शकेल, पण भीमाथडीच्या वाचकास तो ओळखीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. त्याचें तें पुटपुटणें हेंच त्याचें भाषणस्वातंत्र्य! मोठ्यानें बोलण्यास त्यास जागाच नाहीं.

ती जागा न मिळाली म्हणजे काय होतें, हें 12 मे 1875 रोजीं सुपें येथें दिसून आलें. तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडणारें आणि आज बारामती तालुक्यांत असलेलें हें बाजाराचें गांव. बाजारच्या दिवशीं जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर तुटून पडले. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण जो आपणांस वाचतां येत नाहीं, तो कागद जाळणें, हें निरक्षर माणसाचें शेवटचें भाषण होतें. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि 1879 सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यानंतर चार वर्षांनीं असूड लिहिला गेला. सुप्यास जें आगीनें सांगितलें गेलें, तें असूडानें शाईनें सांगण्याचा यत्न केला. आणि ती शाईही छापखान्यांत अडली.

असूड लिहिला जात असतां नीरेच्या डाव्या कालव्याचें काम चालू होतें. भाटघरच्या धरणाचें पाणी ह्या कालव्यानें पुरंदर, बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत आलें, आणि बाजरीच्या मुलखांत ऊस उभा राहिला. आरंभीं पाण्याच्या वांटणींत घोळ फार होता. त्यावर विश्वेश्वरय्या यांनीं 'ब्लॉक' पद्धत बसविली; अमुक क्षेत्रास अमुक मुदतीपर्यंत अमुक पाणी, असा करार ठरला. जोतीरावांची तोटी ती हीच नव्हे. पण माप ठरवून मर्जी कमी करावी, ही कल्पना दोहोंत एकच आहे. पुढें कळंबच्या माळावर वालचंदनगर वसलें. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें सहकारी साखर कारखाने निघाले. शेतकरी कारखान्याचा सभासद, म्हणजे कागदावर मालक, झाला. ही लहान क्रांति नव्हे. ज्या भागांत 1875 सालीं शेतकरी सावकाराचे रोखे जाळीत होता, त्या भागांत त्याचा नातू साखरेच्या भावावर चर्चा करूं लागला. ह्याचें श्रेय ज्यांचें त्यांस दिलेंच पाहिजे.

तथापि जोतीरावांचा प्रश्न येथें पुनः विचारावा लागतो : माप कोणाच्या हातीं? पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाळी केव्हां मिळावी, उसाला तोड केव्हां यावी, बिल केव्हां निघावें, सोसायटीचें कर्ज केव्हां मंजूर व्हावें, ह्या चार गोष्टींवर बागाइतदाराचें वर्ष अवलंबून असतें. तोड एक महिना लांबली तर उसाचें वजन घटतें आणि त्याबरोबर माणसाचें धैर्यही घटतें. ज्याच्या हातीं ह्या चार किल्ल्या, त्याच्या विरुद्ध ग्रामसभेंत उभें राहून बोलण्यास केवळ घटनेचें एकोणिसावें कलम पुरत नाहीं. आम्ही येथें कोणा एका संस्थेवर किंवा पुढाऱ्यावर ठपका ठेवीत नाहीं. ही रचनेचीच गोष्ट आहे, आणि ती महाराष्ट्रांतील प्रत्येक साखरपट्ट्यास लागू आहे. 2021 सालीं उजनीचें पांच टीएमसी पाणी इंदापूरकडे देण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्ह्यांत त्याविरुद्ध ओरड झाली, आणि थोड्याच दिवसांत तो मागें घेण्यांत आला. पाणी देणें न्याय्य होतें कीं न देणें, हा वाद येथें करावयाचा नाहीं. परंतु दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यास आपल्या हक्काचें माप काय, हें त्या साऱ्या गदारोळांतून समजलें नाहीं. निर्णय आला, निर्णय गेला, एवढेंच समजलें. तो हक्कदार न राहतां पुनः अर्जदार झाला.

अलीकडे बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांत ऊसशेतीसाठीं कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालले आहेत. उपग्रहावरून पिकाचीं चित्रें घेतात, जमिनींत रोवलेलीं यंत्रें ओलावा मोजतात, आणि आज पाणी द्या अगर देऊं नका असा निरोप शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. जोतीराव असते तर हा प्रयोग पाहण्यास ते स्वतः बांधावर गेले असते, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. पाणाड्यांचे नकाशे मागणाऱ्या माणसास हें नवें पाणाडपण आवडलेंच असतें. परंतु त्यांनीं लगेच दुसराही प्रश्न केला असता : माझ्या शेतांतील ओलाव्याचा हा आंकडा कोणाच्या दफ्तरीं जातो, आणि त्याचा उपयोग माझें पाणी वाढविण्यास होणार कीं माझ्यावर आकार बसविण्यास? प्रिंगलची सांखळी आणि उपग्रहाचा डोळा यांत अंतर शंभर कोसांचें असेल. पण मोजणाऱ्यास सर्व दिसावें आणि मोजला जाणाऱ्यास कांहीं दिसूं नये, ही स्थिति राहिली तर दोहोंचा परिणाम एकच.

मोबाइलनें वाणीचाही प्रश्न नव्यानें उभा केला आहे. जोतीरावांस छापखाना पाहिजे होता आणि तो मिळाला नाहीं; आज प्रत्येकाच्या खिशांत छापखाना आहे. संपादक वाटेंत उभा नाहीं, खिळे जुळविणारा नाहीं. मग भय गेलें काय? 2022 सालीं बारामतीच्याच एका ज्येष्ठ नेत्याविषयीं समाजमाध्यमांवर लिहिलेल्या मजकुराबद्दल एका अभिनेत्रीस व एका विद्यार्थ्यास महिन्याहून अधिक काळ कोठडींत राहावें लागलें. तो मजकूर सभ्य नव्हता, निंद्य होता, हें आम्ही मोकळ्या मनानें म्हणतों. पण असभ्यतेस एक महिन्याची कोठडी हें माप कोणत्या तोटीचें? आणि पालघरच्या प्रकरणीं सत्ता ज्या पक्षांची होती, बंद ज्या पक्षाचा होता, 2022 सालीं राज्य ज्यांचें होतें, आणि त्यानंतर जे आले, त्यांपैकीं विरोधकाच्या लेखणीवर पोलीस घालण्याचा मोह कोणास आवरला? 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता अंमलांत आली. तींत राजद्रोह हा शब्द नाहीं, पण 152 वें कलम आहे. उलट बाजूसही नोंद केली पाहिजे : सरकारी कामासंबंधीं खरें काय व खोटें काय हें सरकारनेंच नेमलेल्या मंडळानें ठरवावें हा नियम मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर 2024 मध्यें रद्द ठरविला. तेवढा किनारा अद्याप शाबूत आहे.

गुण सांगितले, तसे ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष भाषेचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले'त जोतीरावांच्या व्याकरणाची टर उडविली, ती टीका क्षुद्र होती. रांगडी भाषा हा दोष नव्हे, तें त्या गद्याचें बळ आहे. दोष आहे तो एका सबंध जातीस एकाच दाव्यानें बांधण्याचा. त्या काळीं कचेऱ्यांतील बहुतेक कारकुनी एका वर्गाच्या हातीं होती, ही वस्तुस्थिति; तेव्हां कचेरीवरचा कोरडा त्या वर्गावर पडणें स्वाभाविक होतें. परंतु पुढें कचेरींतील माणसें बदललीं, दुसऱ्या वर्गांचीं आलीं, आणि कचेरी मात्र तशीच राहिली. हा अनुभव नंतरचा खरा, पण दोष जातीचा किती आणि खुर्चीचा किती ही वांटणी ग्रंथकारानें अधिक काळजीनें केली असती, तर नंतरच्या सत्ताधाऱ्यांस असूड दुसऱ्याच्या पाठीवर आहे असें समजून निर्धास्त राहतां आलें नसतें.

दुसरा दोष राज्यकर्त्यांवरील विश्वासाचा. गोऱ्या कामगारांच्या आळसावर ते झोड उठवितात, पण वरच्या सरकारास सत्य कळलें म्हणजे न्याय होईल ही आशा त्यांस सुटत नाहीं. ही आशा ते केवळ लेखणींत ठेवीत नसत. पुणें नगरपालिकेंत लॉर्ड लिटन यांच्या स्वागतास एक हजार रुपये खर्चण्याच्या ठरावास त्यांनीं विरोध केला. 2 मार्च 1888 रोजीं ड्यूक ऑफ कनॉट यांच्या मेजवानीस शेतकऱ्याच्या वेषांत जाऊन, येथें जमलेले श्रीमंत म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असें त्यांनीं राजपुत्रास तोंडावर सांगितलें. पण मायबाप सरकारानें तोटी बसवून द्यावी, ही भाषा शेवटीं मायबापाचीच आहे. तोटीची किल्ली शेतकऱ्यांनींच आपल्या हातीं ठेवावी, तिच्यावर हिशेब मागणाऱ्यांचा पहारा असावा, आणि त्या हिशेबावर मोठ्यानें बोलण्यास कोणास भय वाटूं नये, इथपर्यंत ग्रंथ जात नाहीं. तें काम पुढच्यांचें होतें. सहकारानें त्याचा अर्धा भाग केला. उरलेला अर्धा, म्हणजे बोलण्याचा, अद्याप व्हावयाचा आहे.

तरीही ह्या विषयावर मराठींत असूडाच्या तोडीचा दुसरा ग्रंथ आम्हांस आढळत नाहीं. जोतीराव कोणत्याही दरबाराचे पगारी नव्हते, कोणत्याही पत्राचे मिंधे नव्हते, आणि स्वतःच्या पत्रानें मजकूर नाकारला तेव्हां त्यांनीं मजकूर मऊ केला नाहीं. त्यांनीं तो गांवोगांव नेऊन लोकांस वाचून दाखविला. छापखाना बंद झाला तर तोंड आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. आज उलट स्थिति आहे : यंत्र सर्वांच्या हातीं आहे, आणि तोंडें मिटलेलीं आहेत, जीं उघडीं आहेत तीं बहुधा दुसऱ्याच्या पैशानें उघडलेलीं. बारामती व इंदापूर येथील वाचनालयांच्या चालकांस आमची एक सूचना आहे. जयंतीच्या दिवशीं हारापूर्वीं असूडाचें पांचवें प्रकरण सभेंत मोठ्यानें वाचावें, आणि वाचून झाल्यावर पाटाच्या शेपटाकडील एखाद्या शेतकऱ्यास त्यावर बोलण्यास सांगावें. तो निर्भयपणें बोलला, तर 'दीनबंधु'त अडलेला मजकूर छापून आला असें आम्ही समजूं.